बारवेची तिसरी पायरी

आषाढ वद्य १२, फसली १३२६. धारूर

आज पोचलो. सामान म्हणजे एक वळकटी अन् कादंबऱ्यांनी भरलेली ट्रंक. ती उचलताना बंकट गाडीवानाने विचारले, ह्यात दगडं भरली काय मालक? त्याहून जड माल आहे, म्हटले. गडी हसला.

हैदराबादचे कॉलेज मध्येच सोडले ते बरेच झाले. तुम्हाला वाचता येते पण रडता येत नाही, असे प्रोफेसरांना तोंडावर सुनावल्यावर राहणार तरी कसा? येथे सुभद्राबाईंच्या घरी दुपारी बायांना पोथी वाचून दाखवायची, दोन वेळ जेवायचे, बाकी वेळ माझा. खिडकीतून किल्ला दिसतो. माझी कादंबरी येथेच पुरी होणार. नायिकेचे नाव बदललेले नाही. अंजनाच. खऱ्या अंजनाला ज्येष्ठात दिंद्रुडच्या देशमुखांकडे दिली. निदान कागदावर तरी ती माझी आहे.

श्रावण शुद्ध ४

पोथी चालू असता भामाबाई घोरतात. त्यांचा दोष नाही, बारा वर्षे तीच ऐकतात. आज चिडून मी पोथीच्या लाकडी ठवणीवर माझ्या कादंबरीचे बाड ठेवले. सुभद्राबाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी रोजच्यासारखे हळदकुंकू वाहिले, फूल ठेवले, कोणती पोथी म्हणून विचारले. अंजनाख्यान, मी ठोकून दिले.

चुलीवर अंजनाचा उजवा हात भाजतो (रागाच्या भरात लिहिले होते, खोटे कशाला बोलू), तिथे साऱ्या बाया रडल्या. भामाबाईसुद्धा. कोणता लेखक विरघळणार नाही? उठताना सुभद्राबाईंनी बजावले, मांडलेली पोथी अर्धी ठिवायची न्हाई, अन् वाचलेलं माघारी घ्यायचं न्हाई. मी मान डोलावली.

श्रावण शुद्ध ८

बंकट सांगत होता, दिंद्रुडात देशमुखांच्या नव्या सुनेचा हात भाजला. कोणता, मी विचारले. उजवा. चुली रोज पेटतात, हात रोज भाजतात.

श्रावण शुद्ध ११

वाचकाला कुठे सोडावे, यात अर्धी कला आहे. आज अंजना बारवेत उतरू लागली, तिसऱ्या पायरीवर आली, खाली काळे पाणी, अन् तिथेच मी बाड मिटले. बाया कळवळल्या. भामाबाई म्हणाल्या, मेल्या, लेकीला उभी करून कुठं चाललास? फार बरे वाटले. दोन दिवस ताटकळत ठेवणार. मग शेवटचा अध्याय, ती उडी घेते. शोकान्तच खरा.

श्रावण शुद्ध १३

बंकट आला. हसला नाही. देशमुखांची सून परवापासून बारवेत उभी. तिसरी पायरी. वर येईना, खाली जाईना. चार गड्यांनी ओढली, पाय सुटत नाहीत. डोळे उघडे. लई वाईट हाय, म्हणाला.

शेवटचा अध्याय चुलीत घातला. तो कोणी ऐकलेला नाही. माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही.

तिला वर आणायचे, एवढेच लिहायचे आहे. सुचत नाही. उडी एका बैठकीत लिहिली होती —

श्रावण शुद्ध १४

चौदा कागद फाडले. एकच वाक्य उभे राहिले — अंजनाने पाऊल उचलले. तेवढेच वाचले. पुढे? बाया म्हणाल्या. पुढे —

पौर्णिमा. दुपार

बंकट म्हणतो, कालपासून ती एका पायावर.

बाया येऊन बसल्या. मी बाड उघडलेले नाही. तरी ओठ हलताहेत — सगळ्यांचे, एका सुरात. डोळे मिटलेले. ओळ ओळखीची. माझी. चुलीत गेलेली —

थांबा म्हणालो. सुभद्राबाईंचा हात धरून हलवला. थंड. थांबत नाहीत. शेवटच्या परिच्छेदावर आल्या. बाड त्यांच्या मध्ये, हाती येत नाही. इथेच लिहितो, इथूनच मोठ्याने वाचतो, त्यांच्या आधी —

अंजनाचे पाऊल व