तुझ्या अनुभवाचं पत्र

चि. मायक्रोमीटर यास,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. मामीचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे, एवढं सोडलं तर तक्रार नाही. तू नव्या कारखान्यात रुळला असशील, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालतो (धरूनच चालावं लागतं, कारण तीन महिन्यांत तू फोन केलास तो फक्त मामीला).

पत्राचं कारण म्हणजे आपल्या कारखान्यातला मोठा लेथ. तू गेल्यापासून तो थरथरतो. मी बोल्ट आवळले, पट्टा बदलला, तरी कातलेल्या जॉबवर रेघा उमटतातच. नवा टर्नर म्हणतो, मशीन म्हातारं झालं (हे तो माझ्याकडे बघून म्हणतो). एखाद्या रविवारी येऊन बघून जा.

आता तो विषय. तू काढणार नाहीस, म्हणून मीच काढतो. व्हिसाच्या भानगडीत मी पहिल्या दिवसापासून तुझ्याबरोबर होतो, हे तरी मान्य कर. एजंटाच्या त्या डुगडुगत्या बाकावर आपण दोघं बसलो होतो आणि तो समजावत होता, की तिकडच्या मालकानं आधीच नोकरी दिली तर एक व्हिसा, वय, भाषा आणि अनुभव यांचे गुण भरले तर दुसरा, आणि तिथं जाऊन नोकरी शोधायची असेल तर तिसरा. मामाला बरोबर न्यायचं तर कुठला, असं मी विचारलं, तेव्हा तू माझा पाय दाबलास. मग भाषेच्या परीक्षेची तयारी. परीक्षक मी! तुमच्या घराबद्दल सांगा म्हटलं, की तू खोल्यांची लांबी-रुंदी सांगायचास. तरी पास झालास. वैद्यकीय तपासणीत उंची मोजणाऱ्या बाईंना तू त्यांची पट्टी दोन मिलिमीटर खाली बसवली आहे असं सांगितलंस, आणि आपल्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं गेलं. तिथंही मी तुझी फाईल धरून उभा होतो.

शेवटी राहिलं मालकाचं अनुभवपत्र, म्हणजे माझं. अकरा वर्षं जवळ राहिलेल्या माणसाबद्दल चार ओळींत काय लिहायचं? मी दोन पानं लिहिली. लेथ तर चालवतोसच, शिवाय टाकी धुतोस, माझ्या गोळ्या वेळेवर देतोस, मामीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोस, आम्हाला मूलबाळ नाही हे कधी जाणवू दिलं नाहीस, असं सगळं लिहिलं. मामी वाचून रडली. तिकडचा अधिकारी रडला नाही. त्यानं कळवलं, की अर्जदार कुशल टर्नर नसून घरकामाचा मदतनीस दिसतो, सबब अर्ज नामंजूर. तू कागदाची घडी घालून खिशात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी लेथ पुसलास, हत्यारं मापाप्रमाणे लावलीस आणि गेलास. माझ्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतं रे.

तुझा,
मामा

ता. क. लेथला काही झालेलं नाही. उत्तम चालतो.

ता. क. दुसरा : अनुभवपत्राचा नमुना एजंटानं मला आधीच दिला होता. फक्त कामाचं लिहा, घरचं एक अक्षर नको, नाहीतर अर्ज गेलाच समजा, असं बजावलंही होतं. तो नमुना मी नीट वाचला, टेबलाच्या खणात ठेवला आणि मगच ती दोन पानं लिहायला बसलो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, एवढीच माझी हुशारी. मामीला हे माहीत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव.

ता. क. शेवटचा : पुढच्या महिन्यात तुला चाळीस पूर्ण होतील आणि वयाचे गुण घटतील, तेव्हा त्याआधी पुन्हा अर्ज कर. नवं अनुभवपत्र सोबत जोडलं आहे. दहा ओळी आहेत. लेथ, मापं, वर्षं, बाकी काही नाही. एजंटाकडून तपासून घेतलं. तू माझा भाचा आहेस, एवढं एकच वाक्य त्यानं काढायला सांगितलं. मी काढलं.