'नायफा'च्या तळाची फळी

सूर बंदर, ११ मोहरम १२९२

प्रिय बंधू मुसल्लम यास,

सलाम. घरी सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीचा खोकला उतरला. बकरीला दोन पिल्ले झाली. तू माझ्या दारावरून मान फिरवून जातोस, म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले.

उद्या दुपारच्या नमाजानंतर साऱ्या जहाजांच्या नाखुदांची बैठक तुझा निकाल देईल. तुझ्या गाफिलपणाने 'नायफा' खडकाला घासली, असे ठरल्यास तुझ्या हाती पुन्हा कोणी जहाज देणार नाही. खडक नव्हताच, तळ उघडला, असे तू शपथेवर सांगितलेस. त्यावर मी साक्ष दिली की, माझ्या हातची फळी उघडत नाही. खरेखोटे दाखवायला जहाज उरलेले नाही.

'नायफा' मी बांधली. मलबारी सागवानही मीच निवडले. सव्वीस वर्षे तिने बसऱ्याचा खजूर झांजिबारला नेला आणि परतताना वासे आणले. एकदा तर डोलकाठी गमावूनही ती घरी आली. लोक तिला माझी थोरली लेक म्हणत. मला ते आवडे.

या शेवटच्या सफरीवर निघण्यापूर्वी, रिवाजाप्रमाणे, आपण तिला ओहोटीच्या वाळूवर टेकवले, आत पाणी भरले आणि बाहेर कोठे पाझर फुटतो ते पाहत फिरलो. कण्यालगतच्या फळीपाशी तू थांबलास.

"दादा, इथं ओल आहे. फळी काढू या."

"तुला दाढी फुटायच्या आधीची फळी आहे ती. घाम आलाय तिला, तुझ्यासारखाच."

खलाशी हसले, तूही हसलास. मी चुना-चरबीचा लेप फासायला लावला.

मुसल्लम, तो घाम नव्हता. तुम्ही पुढे गेल्यावर मी अंगठा दाबून पाहिला होता. लाकूड आत गेले. फळी काढली असती, तर माझ्या कामाला लागलेली कीड साऱ्या गावाने पाहिली असती.

तीन दिवस तुम्ही पाणी उपसलेत. स्वयंपाकी फरजल्ला बुडाला. आणि साक्षीच्या वेळी मी लेखनिकाची दोन क्रियापदे दुरुस्त करविली; विधान खोटे होते, ते तसेच राहू दिले.

हे पत्र मी बंद केलेले नाही. बैठकीचे वडील नाखुदा जुमआ ते प्रथम सर्वांसमक्ष वाचतील आणि मग तुला देतील. त्या वेळी मी फरजल्लाच्या बायकोसमोर बसलेला असेन. ती आजही मला उस्ताद म्हणून हाक मारते.

ती पदवी खाली माझ्या सहीत लिहिलेली नाही.

तुझा भाऊ,
सुवैलिम बिन राशिद