एका आमेनबद्दल तक्रार

नांदेड,
शनिवार, २७ डिसेंबर

तीर्थरूप आत्यांना सुकन्याचा सलाम.

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की मला किनवटच्या निवासी शाळेतली नोकरी मिळू नये म्हणून आपल्या चर्चमधल्या सोळा बायका दर शुक्रवारी उपास-प्रार्थना करून राहिल्यात आणि हे सगळं लताकाकूंचं काम आहे. ते चूक होतं. लताकाकूंच्या वहीत प्रार्थनेच्या विषयासमोर तो देणाऱ्याचं नाव लिहितात. काल मी वही पाहिली. नाव तुमचं आहे. (सोळाही चूक. मला धरून सतरा.)

लातूरला थंडी कशी आहे? गुडघ्यांना तेल लावत जा. मी रागात आहे, पण गुडघ्यांवर राग नाही.

अर्जाचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, ‘किनवट म्हंजे जंगल, तिथं कोण हाय आपलं?’ मला वाटलं, विषय संपला. तो संपला नव्हता, वहीत गेला होता. आणि कसा, तर ‘आपल्यातल्या एका तरुण भगिनीला भलत्या वाटेवरून परत आण.’ नाव नाही. मला वाटलं, ही ऋतुजाच. (ती औरंगाबादच्या कोणाशी तरी फोनवर बोलते, असं मी ऐकलं होतं. ऐकायला नको होतं, हेही कबूल.) म्हणून मी तिच्यासाठी चार शुक्रवार दुपारचं जेवले नाही. शेजारच्या घरातून कांद्याच्या फोडणीचा वास येत असताना जेवले नाही. डोळे मिटून सगळ्यांपेक्षा मोठ्याने आमेन म्हणाले. नंतर ऋतुजाला दयेने म्हटलं, ‘तुझ्यासाठी मी फार मनापासून प्रार्थना केली गं.’ ती म्हणाली, ‘माझ्यासाठी कशाला? आम्ही समद्या तुझ्यासाठीच करून राहिलो की.’ लताकाकूंना जाब विचारला तर म्हणाल्या, ‘तुझं नाव कुठं घेतलं आम्ही? देवाला कळतंयच.’

आत्या, तुम्ही हसाल. पण पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी तुम्हीच मला प्रार्थना शिकवलीत, आणि देवापुढे बोललेला शब्द मागे घेता येत नाही, असंही तुम्हीच सांगितलंत. आता सोमवारी नेमणुकीचं पत्र आलं आहे. दोन जानेवारीला हजर व्हायचं आहे. होकार लिहून पाकिटात घातला होता, पण टाकवत नव्हतं, कारण माझंच आमेन आडवं येत होतं. चार आठवडे स्वतःच्या विरुद्ध उपाशी राहिलेली बाई दुसरी कोणी असेल तर मला कळवा.

पाळकसाहेबांनी सांगितलंय, की वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात रोज पाव तास शांत बसा, मागचं वर्ष आठवा, पुढच्या आशेसाठी जागा करा. मी बसते. पहिली दहा मिनिटं तुम्हीच आठवता. (बाहेर मंडपवाला ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत असतो, तो बरा वाटतो.) अकराव्या मिनिटाला मुलाखतीचा दिवस आठवतो. तिथल्या एका मुलीने माझी पिशवी उचलता उचलता विचारलं होतं, ‘बाई, तुमी तरी उन्हाळ्यापर्यंत ऱ्हाताल का?’ आधीच्या तीन बाई दिवाळीपर्यंतही राहिल्या नव्हत्या. मी तिला हो म्हणाले. आत्या, तोही देवापुढे बोललेलाच शब्द आहे, आणि तो आमेनच्या आधीचा आहे. हे मला आज, बाराव्या मिनिटाला सुचलं. पाकीट टाकून आले.

पप्पा-मम्मी ठीक आहेत. दोघांना तुमच्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

तुमची,
सुकन्या

ता. क. वहीचा नियम असा, की विषय ज्याने दिला त्यानेच खोडायचा. मला खोडता येत नाही, विचारून पाहिलं. या बायका जीव लावून प्रार्थना करतात, आणि मी तिकडे असताना दर शुक्रवारी सोळा जणी मला परत ओढत असल्या तर माझा टिकाव लागणार नाही. म्हणून नांदेडला या आणि खोडा. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता. क. तुम्हाला क्षमा केली आहे. गुरुवारी केली होती (तेव्हा वाटलं, तुम्ही अर्जाचं नुसतं बोलून गेलात), काल वही बघून परत घेतली, आज पुन्हा केली. तरी नाहीच आलात, तर नवा विषय मी देणार आहे: ‘लातूरच्या एका वयस्कर भगिनीचा हट्ट.’ नाव घालणार नाही. वर्षाची शेवटची वही बुधवारी, ३१ डिसेंबरला, संध्याकाळी सहाला उघडते. पावणेसहाला मी पेन घेऊन तिथे बसलेली असेन.