सवयीनं म्हटलेलं आमेन

प्रिय आत्या,

उद्या रविवार. तू असतीस तर सरळ येऊन तुझं डोकं खाल्लं असतं. आता लासुर्ण्याच्या तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीत बसलेय, पण बोलू कुणाशी? म्हणून लिहितेय.

झालं असं. मागच्या रविवारी चर्चमध्ये भक्तीत साक्षीची वेळ आली, देवानं काय केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायची, आणि आपला प्रकाशदादा उठला. मला वाटलं, नव्या ट्रॅक्टरबद्दल देवाचे आभार मानेल. तर हा म्हणतो, "आमच्या करुणाचं लगीन देवानं जमवलंय. जळोचीचे शमुवेलराव. मंडळींनी प्रार्थना करावी." अगं, मी होकार कुठं दिला होता! नुसतं बघू म्हणाले होते. दादाचं म्हणणं, विश्वासानं आधीच आभार मानले की देव देतोच.

पाळकसाहेबांनी तिथल्या तिथं प्रार्थना केली. आणि शेवटी सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं आमेन म्हणाले! सवय गं, लहानपणी तूच लावलेली. प्रार्थना संपली की आमेन, मग लक्ष असो नसो. बायका वळून हसल्या, एकीनं तर माझा हातच दाबला. झालं! पार वालचंदनगरपर्यंत माझा होकार पोचला. आता उद्या रीतीप्रमाणे लग्नाआधी आमची दोघांची नावं मंडळीत वाचणार आहेत, कुणाची हरकत आहे का म्हणून.

शमुवेलराव वाईट असते तर सोपं गेलं असतं. बायको वारलीय, एक मुलगी आहे, माणूस शांत. घरी आले होते तेव्हा चहाचा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. असल्या माणसाला नाही म्हणायला कारण तरी काय द्यायचं?

दादा काय म्हणतो माहितीय? "आत्यासारखी व्हशील. शेवटी कोन होतं तिच्यापाशी?" मी होते! तुला घास भरवायला, तुझी वेणी घालायला मी होते. तुझ्या मातीला मंडपात उभं राहायला जागा नव्हती, ते याला दिसलं नाही? तुझं बिनलग्नाचं सगळं आयुष्य यांनी मला भीती घालायला काढून ठेवलंय. इतका राग येतो ना!

थोडा तुझाही येतो. एकदा मी विचारलं होतं, एकटीला कधी वाईट नाही वाटलं? तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "वाटायचं की. नाताळाला सगळी आपापल्या घरी गेली की घर खायला उठायचं. पर भ्या वाटतं म्हणून लगीन करू नगं, आन भ्या वाटतं म्हणून तशी ऱ्हाऊ बी नगं. दोन्ही देवाचीच दानं हायेत. तुला कुठलं दिलंय, ते त्यालाच इचार." आणि पुन्हा तांदळात डोकं. एवढंच? उत्तर कसं ओळखायचं, ते कोण सांगणार होतं?

आठवडाभर विचारतेय. बारामतीच्या एसटीत, हॉस्पिटलात ड्यूटीवर, भाकरी थापताना. मला संसाराची भीती वाटते का? नाही. जुळवून घ्यायचा कंटाळा? असेल थोडा, खोटं कशाला बोलू. पण होय म्हणायचा विचार केला की मनात दादा येतो, मंडळी येते, म्हातारपण येतं. शमुवेलराव येतच नाहीत. आणि ड्यूटी संपल्यावर एखाद्या पेशंटपाशी बसते, रविवारी पोरांना गाणी शिकवते, तेव्हा मला काही कमी आहे असं वाटत नाही. हेच उत्तर का गं? मी तरी तेच धरलंय.

काल शमुवेलरावांना फोन केला. "ते आमेन..." म्हणून मी अडखळले. ते म्हणाले, "आमेनचं कळलं मला. तुमचं काय म्हणनं हाय, ते कुणी सांगितलंच न्हाय." मग सांगितलं. तुमच्यात काही खोट नाही, पण माझ्या मनात लग्न नाही. ते म्हणाले, "बरं झालं सरळ बोललात. पोरीला अजून काय सांगितलं नव्हतं." फोन ठेवला आणि मी रडले. सुटल्यासारखंही वाटलं, आणि काहीतरी हातचं गेल्यासारखंही.

दादाला सांगितलं तर त्यानं ताट ढकललं. "मी पाळकसाहेबांना सांगतो, शमुवेलरावांकडनंच मोडलं म्हणून. तू मंडळीत तोंड उघडलंस तर माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय." आत्या, त्याच्या पोरांशिवाय माझं आहे कोण? पण त्या भल्या माणसाच्या माथी खोटं कसं मारू? उद्या त्याच्या पोरीलाही लोक विचारतील.

म्हणून तुला शब्द देते. सकाळी लवकर जाऊन पाळकसाहेबांना सांगेन, नावं वाचू नका. आणि साक्षीच्या वेळी उभी राहीन. सांगेन की ते आमेन सवयीचं होतं, शमुवेलरावांचा दोष नाही, माझं मन नाही. पुढं देवानं मन फिरवलं तर फिरवलं, पण भीतीपोटी होय म्हणणार नाही. दादाच्या दारात मात्र जाणार. तो उघडो, न उघडो.

मग पाळकसाहेब प्रार्थना करतील. ती मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकेन, आणि मगच आमेन म्हणेन.

तुझीच,
करुणा