गोळीचा मोहोर

४ फेब्रुवारी २०२५

नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. लाल, टोकाला पांढरी, हात लावला की ठणकते. वय वर्षं त्र्याहत्तर.

राणीच्या आरशात बघितलं. ही माझी नात, बारावीला आहे, तिच्या गालावर चार आहेत. म्हणाली, "आबा, आता आपलं दुकान एकच." तिची कसली क्रीम असते, ती पुढं केली. मी नको म्हटलं. ह्या वयात तारुण्य आलंय, तर त्याला आल्या पावली कशाला घालवा?

डाव्या फुप्फुसात गाठ आहे. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाइन नको, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्या. त्याला आज सोळा दिवस झाले. खोकला अर्ध्यावर आला आहे. काल जतच्या रस्त्यापर्यंत न थांबता चालून आलो. गेल्या दिवाळीत गोठ्यापर्यंत जाताना दोनदा बसत होतो.

गोळी लहान आहे, पण गुणाची आहे. तिला काही होऊ नये.

६ फेब्रुवारी

अकरा झाल्या. कपाळावर सात, हनुवटीवर तीन, आणि नाकावरचा मूळपुरुष.

७ फेब्रुवारी

बनाक्का आली. माझी थोरली बहीण, वय ऐंशी, खालच्या वस्तीवर राहते. दारातूनच माझं तोंड बघितलं आणि पायातलं पायताण काढून हात जोडले. मला कळेना, कुणाला जोडले.

"अंबू, दाराला निंब लाव. ह्याच्या अंगावर देवी आलीया."

अंबूबाई — आमच्या मंडळी — म्हणाली, "वन्सं, ते गोळीचं हाय."

"गोळीचं म्हणं. माझ्या अंगावर आलती तवा कुठं हुती गोळी?"

झालं. दाराला निंबाचा डहाळा. घरात फोडणी बंद. रविवारचं मटण बंद — मल्हारचं, म्हणजे मुलाचं, तोंड बघण्यासारखं झालं. मला कोपऱ्यात घोंगड्यावर निंबाच्या पाल्यावर बसवलं. आणि जाताना आक्का गोळ्यांचं पाकीट उचलून देव्हाऱ्यात देवीच्या पाटाखाली ठेवून गेली. "देवी हाय तवर औशीद द्याचं न्हाई. कोप हुतो."

ती मला लहानपणी पाठुंगळीला घेऊन मेंढरांमागं चालली आहे. तिच्यापुढं माझं कधी चाललंय?

८ फेब्रुवारी

आज गोळी नाही. वस्तीवरच्या बाया दहीभात घेऊन आल्या. दोघी पाया पडल्या. एकीनं नातवाच्या नोकरीचं विचारलं. मी म्हटलं, होईल. (काय बिघडतं?)

मान मिळतोय, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर डोळा देव्हाऱ्याकडं. एक दिवस चुकला. गाठीला कळलं असेल का?

९ फेब्रुवारी

अंबूबाईचं डोकं!

सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं बसली. दिवा लावला. आक्का शेजारी होतीच. पाटाखालचं पाकीट काढून एक गोळी देवीच्या पायावर ठेवली, वर भंडाऱ्याची चिमूट सोडली आणि पदर पसरून उचलून माझ्या हातावर दिली. "घ्या. परसाद हाय."

देवीच्या पायावरनं उचललेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? आक्का म्हणाली, "चावू नगंस. गिळ."

आता रोज असंच करायचं ठरलं. गोळीला हळदीचा वास येतो.

११ फेब्रुवारी

सांगलीला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई हसल्या. "देवी नाही, कांजिण्या नाहीत. ह्या गोळीनं असं पुरळ येतंच. ज्यांना येतं, त्यांच्यात गोळी बऱ्याचदा चांगली लागू पडलेली दिसते." पुढंही बरंच बोलल्या. मलम, कॅप्सूल, उन्हात जायचं नाही, जुलाब चारच्या वर गेले तर फोन करा.

माझं ऐकणं हायस्कुलातल्यासारखंच झालं. छत्तीस वर्षं शिपाई होतो. मराठीच्या तासाला वऱ्हांड्यात, खिडकीखाली माझं स्टूल असे. सर कविता म्हणायचे — नदीची, रानातल्या पाखरांची, परगावी गेलेल्या पोराच्या आईची. मी डोळे मिटून ऐकायचो. पण घंटा माझ्याच हातात. कविता शेवटाला आली की तास संपलेला. आपणच उठायचं आणि आपणच मोडायची. एकदा आई दारात येऊन उभी राहते तिथवर कविता आली होती, मी सात मिनिटं घंटा दिलीच नाही. हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. 'कारण : कविता' असं लिहून दिलं होतं.

तर सांगायचं असं की, पुरळ म्हणजे गोळी लागू पडली. एवढं मी ऐकलं. माझ्या तोंडावर पुटकुळ्या नाहीत, पावत्या आहेत.

१३ फेब्रुवारी

मलम लावलं तर पुरळ जाणार. पुरळ गेलं तर? — आतलं काम चालू आहे की बंद, हे कशावरून ओळखायचं? गिरणीचा पट्टा दिसेनासा झाला तर पीठ पडतंय असं मानायचं का?

अंबूबाई रोज मलमाची नळी हातात देते आणि बघत उभी राहते. मी म्हणतो, जरा आरशापुढं जाऊन लावतो.

१५ फेब्रुवारी

मलम वहाणांना लावतो. गेल्या जत्रेतल्या, टाचेला लागत होत्या. चांगल्या मऊ पडायला लागल्या. कॅप्सूल कुंडीत टाकतो. तुळशीच्या नव्हे, तेवढं कळतं. कोरफडीच्या.

२३ फेब्रुवारी

पुटकुळ्या छातीवर उतरल्या. पाठीवरही असाव्यात, अंथरुणाला टेकवत नाही. आनंद आहे.

शिवाय पापण्यांचे केस वाढायला लागले. लांब, वळलेले. राणी म्हणाली, पोरी ह्याच्यासाठी पैसे देतात. अंबूबाईनं चहा देता देता बघितलं — "आवं, लग्नात आसं असतं तर मी अंतरपाटाआडनं वाकून बघितलं असतं."

त्रेपन्न वर्षांत एवढं कौतुक पहिल्यांदा. दुपारी चार ओळी सुचल्या —

बाभळ फुलली माळावरती, फुलले माझे तोंड;
लोक म्हणोत काही, मजला प्यारा एकेक फोड.

तोंड आणि फोड, यमक जरा लंगडं आहे. आणि चारच्या दोनच झाल्या. उरलेल्या जुलाबात गेल्या.

४ मार्च

आज सहा वेळा. फोन करायचा आकडा चार. केला नाही. करावा, तर त्या गोळी बंद करतील. अंबूबाईला दोनच सांगितले. ती म्हणाली, "मी काय आंधळी हाय? टमरेल सहांदा भरलं." मीठ-साखरेचं पाणी तांब्या तांब्या पाजलं.

टँकरची वाट बघणाऱ्या गावात एका माणसापायी एवढं पाणी. शरम वाटली.

२१ मार्च

स्कॅनचा निकाल. गाठ निम्मी झाली आहे. निम्मी!

डॉक्टरीणबाई पडद्यावर दाखवत होत्या, इथं होती, आता एवढीच. मग माझ्याकडं वळल्या. "चेहरा मात्र फारच वाढलाय. मलम लावताय ना?" मी म्हटलं, नियमित. वहाणा खुर्चीखाली सारल्या.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो. ऊन तोंडावर येत होतं. बाई उन्हात बसू नका म्हणाल्या होत्या. मी जागा बदलली नाही. पिकू दे.

३० मार्च

पाडवा. निंबाचा पाला खाल्ला. बनाक्का म्हणाली, आता आतून पण घे.

उजव्या अंगठ्याचं नख सुजलं आहे. कडेनं पू. गुढीला हात जोडताना एका पायावर उभा होतो.

१ एप्रिल

सापडलो.

वहाण अंगठ्यावर चढेना. अंबूबाई म्हणाली, आणा, पट्टा सैल करून देते. हातात घेतली. वाकवली. ती भाकरीसारखी घडी झाली. नाकाला लावली. माझ्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा वहाणेकडं.

"पायताणाचं तोंड बघा कसं तुकतुकीत झालंय. आन तुमच्या तोंडाचं पायताण."

सगळं सांगावं लागलं. पावत्या, पट्टा, पीठ. शेवटी म्हणाली, "मल्हारच्या अंगात ताप चढायचा म्हंजी त्याला औशीद लागू पडत हुतं व्हय? छत्तीस वर्सं शाळंत काडली. आत गेला आसता तर बरं झालं आसतं."

संध्याकाळी अंगात ताप. पाठीवरचे फोड पिकले आहेत.

२ एप्रिल

सांगली. अंबूबाई सोबत आली आणि वहाण पिशवीत घालून आणली. टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंना आधी हसू आलं. मग पाठ बघितली, अंगठा बघितला आणि हसू गेलं.

"गोळी थांबवावी लागेल. दहा दिवस. जखमा चिघळल्यात."

मी म्हटलं, मी सोसतो की. तक्रार नाही माझी.

"आजोबा, मलम आणि कॅप्सूल कशासाठी दिली होती? गोळी चालू ठेवता यावी म्हणूनच. तेवढं लावलं असतं तर आज थांबवायची वेळ आली नसती. आणि पुरळ बघून गाठीचं काही कळत नाही. ते स्कॅनच सांगणार."

म्हणजे जे होऊ नये म्हणून दोन महिने धडपडलो, ते मीच करून घेतलं. त्या दिवशी मनातली घंटा न देता बाईंचं उरलेलं बोलणं ऐकलं असतं तर —

३ एप्रिल

गोळी नाही.

५ एप्रिल

गोळी नाही. देव्हाऱ्यापुढं सवयीनं हात पुढं केला. अंबूबाईनं खडीसाखर ठेवली.

८ एप्रिल

कपाळ साफ झालं. वस्तीवरचा धुळा म्हणाला, "नाना, लय उजाळलास गड्या. सोयरीक बघू का?" सगळे हसले. मीही हसलो. हसताना खोकला आला. एकदाच. धुळीनंही येतो.

१२ एप्रिल

गोळी पुन्हा सुरू. पण धाकटी. ताकद कमी केली आहे. "पुष्कळ लोकांना ही पुरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धवट घेतलेल्या मोठ्या गोळीपेक्षा रोज घेतलेली धाकटी बरी. वीस मेला स्कॅन करू."

पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत. ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं, म्हणून हेही ऐकू आलं.

१९ एप्रिल

मलम आता अंबूबाई लावते. माझ्यावर भरवसा नाही. दोन वेळा, खाटेवर बसवून. तिचा हात म्हणजे भिंत सारवायचा हात. कपाळापासून सुरू करते आणि गळ्यापर्यंत एकसारखं ओढते. नाक मधे आलं तरी थांबत नाही. कॅप्सूल गिळल्यावर तोंड उघडून दाखवावं लागतं. बाहेर जाताना डोक्याला पटका, त्यावर राणीची छत्री. छत्रीवर फुलपाखरं आहेत.

वहाणा तिनं मल्हारला दिल्या. तो म्हणतो, एवढं मऊ पायताण उभ्या जन्मात घातलं नाही.

२८ एप्रिल

तोंड साफ. पाठ साफ. जुलाब नाहीत. अंगठा बसतो आहे. मटण खाल्लं. पोटभर.

सगळे खूश आहेत. मीही खूश आहे असं दाखवतो. सकाळी आरसा बघतो आणि ठेवतो. गिरणीचा आवाजच येत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलंय, मला पटलंयही. पण पटणं वेगळं आणि पहाटे जाग येणं वेगळं.

अंबूबाईला हे सांगायचं नाही. ती वहाण काढेल.

६ मे

हल्ली अंबूबाई रोज सकाळी मला दारात उजेडाला आणते, हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं फिरवते. कान, मानेची मागची बाजू, सगळं तपासते. "काय न्हाई," म्हणते आणि आत जाते. आपल्या मलमाचं काम बघत असणार. शाळेत मी फळा पुसल्यावर असाच लांबून बघायचो.

११ मे

राणीच्या हनुवटीवर एक उठली. मला तिचा हेवा वाटला. असं लिहायला नको होतं. पण ही वही कोण वाचतंय?

१६ मे

स्कॅनला चार दिवस. दुपारी बनाक्का आली, अंबूबाई पाण्याला गेली होती. आक्का खाटेशेजारी बसून म्हणाली, "आरं नाना, तुझी बायकू येडी झालीया काय? काल बिरोबाला जाऊन नवस बोलून आली. बोकड कापीन म्हणाली."

मी विचारलं, गाठ जाऊ दे म्हणून?

"न्हाई रं. तुझ्या तोंडावर एक तरी फोड उठू दे म्हणून."