आज कुणाचा नंबर

१४ मार्च
आले एकदाची सासरी! घर म्हणजे पुढे सलून आणि मागे दोन खोल्या. मधल्या दाराला पडदासुद्धा नाही, त्यामुळे चहा गाळता गाळता गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकू येतात. फुकटची करमणूक! सासरेबुवांचा पांढरा झगा कडक इस्त्रीचा आणि हात इतका हलका, की दाढी करून घेता घेता माणूस घोरायला लागतो. गिऱ्हाइकाशी ते आरशात बघूनच बोलतात आणि तीच सवय घरात. माझं स्वागतही आरशातूनच झालं. नवरा त्यांच्याच हाताखाली तयार झाला, पण तो फक्त कात्री चालवतो. वस्तऱ्याला सासरेबुवा कुणाला हात लावू देत नाहीत. सासूबाई मितभाषी आहेत, ती कसर नणंद भरून काढते. ती सातवीत आहे, बडबडीमुळे सगळे तिला टिटवी म्हणतात. वेणी कमरेपर्यंत. आल्या दिवशीच तिने माझ्या पलंगावर तळ ठोकला. मला हे घर आवडलं.

२६ मार्च
लॉकडाऊन लागलाय, सगळं बंद. शटर खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवरा खूश, म्हणतो लग्नाची सुट्टी सरकारनेच मंजूर केली. सासरेबुवा मात्र रोज सकाळी आंघोळ करून झगा चढवतात, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरे परजून ठेवतात आणि रिकाम्या खुर्चीमागे उभे राहतात. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असं मी टिटवीच्या कानात पुटपुटले. एरवी खिदळणारी पोर हसली नाही. उलट माझ्या तोंडावर हात ठेवला.

४ एप्रिल
भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सासऱ्यांनी ताट भिंतीवर फेकलं आणि सासूबाईंचं तोंड ओट्यावर आपटलं. पुढचा दात पडला. मी किंचाळले. बाकी कुणी नाही. नवरा मुकाट्याने उठला, खुर्चीत जाऊन बसला आणि केस फार वाढलेत म्हणाला. सासऱ्यांचा चेहरा लगेच निवळला. ते शीळ घालत कात्री चालवत राहिले. सासूबाईंनी चूळ भरली आणि फरशी पुसायला घेतली.
नंतर नवऱ्याने सांगितलं, की दुकान चालू असलं तर बाबा देवमाणूस. सुट्टीच्या दिवशीच तेवढं त्यांचं डोकं फिरतं. मग कुणीतरी खुर्चीत बसायचं, की घर शांत. लहानपणापासून असंच चाललंय. आता रोजच सुट्टी आहे, त्याचं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नाही.

११ एप्रिल
खुर्चीत बसायच्या पाळ्या लागल्यात. नवऱ्याचं डोकं गुळगुळीत झालंय, भुवयाही गेल्या. काल सासूबाई बसल्या. केस संपले तरी वस्तरा थांबेना. कपाळावरून रक्त ओघळत होतं आणि त्या उठून म्हणाल्या, बाई, हलकं वाटलं. मी खिडकीतून शेजारणीला हाक मारली, तिने खिडकी लावून घेतली. पोलिसांना फोन लावायला गेले तर नवऱ्याने फोन हिसकावून घेतला. बाबांना नेलं तर दुकान कोण उघडणार, घरातलं घरात राहू दे, म्हणाला. अशा माणसाशी मी लग्न केलं! राग येतो, त्याहून जास्त भीती वाटते.
आणि आज सासरे आरशातून टिटवीच्या वेणीकडे बघत होते. तिला मी त्या खुर्चीत बसू देणार नाही. काही झालं तरी.

१२ एप्रिल
उपाय सापडला. सकाळी वस्तरे परजून ठेवले, की सासरे हल्ली आत जाऊन पडतात, दुपारपर्यंत त्यांच्याकडे बघत नाहीत. उद्या त्यांनी टिटवीचा नंबर लावलाय. मधल्या वेळात सगळे वस्तरे न्हाणीघरातल्या दगडावर घासून पार बोथट करणार. धारच नाही तर कापणार काय! कुणाला बोलले नाही. नवऱ्याला तर नाहीच, तो जाऊन सांगायचा. आज पोटभर जेवले.

१३ एप्रिल
मीच केलं हे. मी —
टिटवीला हाक आली तेव्हा नवरा पहिल्यांदाच आडवा आला. तिला ढकलून स्वतः बसला. वस्तरा अडकला. सासऱ्यांनी जोर दिला, आणखी जोर दिला, तो सटकला आणि कान — अर्धा कान लोंबत होता. ते थांबले नाहीत. दात-ओठ खाऊन तसेच खाली दाबत गेले. मानेत —
धार कुणी घालवली म्हणून नवरा ओरडत होता. धारेचा वस्तरा हाताचं ऐकतो, बोथट घसरतो आणि खोल जातो. या घरात शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मला नव्हतं. एका शब्दाने त्याला विचारलं असतं तर —

त्याच दिवशी
टिटवीला ओढत न्हाणीघरात आणलं. आतून कडी लावली. वही ओढणीत गुंडाळलेली होती. फोन बाहेर.
नवरा खुर्चीतच आहे. आधी खुर्ची करकरत होती. आता नाही.
पात्यांवरचे चरे बघून सासऱ्यांना कळलं. टिटवी असला वेडेपणा करणार नाही, तिची आई इतकी धीट नाही, म्हणजे सूनबाईच, असं म्हणाले. शांतपणे. आता धार लावतायत —

आवाज थांबला.
सासूबाई दाराशी आल्यात. आवाज अगदी मऊ. म्हणतात, “सूनबाई, तू एकदा बस ग खुर्चीत. की होतात शांत. आम्ही सगळे बसलोच ना?”
टिटवीला घट्ट धरलंय. ती रडत नाही. माझ्याकडे बघतेय, समजूत घालावी तशी —
“वहिनी, खरंच शांत होतात ते.”
हात सोडवला तिने. मी नको म्हणतेय, ती उठली — कडीपाशी — टिटवी, नको, तुझ्यासाठीच मी हे —