कानातला माग

आप्पा,

माझ्या उजव्या कानात मळ नाही. काल दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा लावून आत पाहिलं, मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून त्यांनाही पाहायला लावलं. दोघांचं एकच मत पडलं. कान स्वच्छ आहे, पडदा शाबूत आहे, जे गेलं ते आतल्या नसेतून गेलं, आणि ते परत येणार नाही. डावाही त्याच वाटेवर आहे. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागून. बातमी एवढीच. जन्मभर वर्तमानपत्रात काम केल्यामुळे बातमी आधी सांगायची आणि ती कुणी सांगितली हेही सांगायचं, ही सवय हाडात गेली आहे. बाकीचं सावकाश लिहितो. आज माझ्या मजकुरासाठी कुणी यंत्र थांबवून ठेवलेलं नाही.

डॉक्टरांनी कानाची पाळी वर आणि किंचित मागं ओढली, तेव्हा मी डोळे मिटले. ती ओढ माझ्या ओळखीची होती. त्यांची बोटं गार होती आणि तुमची कायम कोमट असत, तेलाच्या बुधलीला धरून धरून. पण ओढ तीच. मिटल्या डोळ्यांपुढं एकदम मिलच्या फाटकासमोरचा कडुनिंब आला, त्याच्या बुंध्याशी अंथरलेलं पोतं आलं, आणि तुमचा तो लाल पटका, ज्याच्या घडीत तुम्ही बारीक सळया खोवून ठेवायचात. रात्रपाळीचे लोक सुटले आहेत. त्यांच्या केसांवर, भुवयांवर, कानांच्या वळणावर कापसाचं पांढरं तूस बसलं आहे आणि सगळे एकाएकी म्हातारे झाल्यासारखे दिसतात. तुम्ही एकेकाला पोत्यावर बसवता, खांद्याला धरून वळवता, सकाळचं ऊन नेमकं त्याच्या कानात शिरेल असं. उन्हात माणसाचा कान आरपार लाल दिसतो, जास्वंदीच्या पाकळीसारखा. मला तेव्हा वाटायचं की माणसाच्या अंगात दिवा असतो आणि तो फक्त तुम्हालाच लावता येतो.

एका बैठकीत तुम्ही एकच कान साफ करायचात. दुसऱ्यासाठी संध्याकाळी यायचं. ही तुमच्या उस्तादांची शिकवण. दुष्काळात मेंढरं गेली, सांगोल्याकडचं गाव सुटलं आणि तुम्ही सोलापुरात आलात, तेव्हा ते म्हातारे उस्ताद तुम्हाला भेटले. मेंढराच्या कानातला गोचीड न दुखवता काढणारा हात त्यांनी बाजारात पाहिला आणि तुम्हाला हाताशी धरलं. त्यांचं बोलणं तुम्ही आम्हाला त्यांच्याच दख्खनीत करून दाखवायचात : ‘‘सुबू कू एक कान, शाम कू एक. दोनो एकदम नक्को खोल बेटा, आदमी घाबरता.’’ बंद कान एकदम दोन्हीकडून उघडले तर माणूस रस्त्यात भेलकांडतो, म्हणून. त्यामुळं आपल्या भागात दिवसभर कुणी ना कुणी एका कानानं लख्ख ऐकत फिरत असायचं. मिलवाले तुमची चेष्टा करायचे. एक जण म्हणायचा, ‘‘आप्पा, डावा ऱ्हाऊ द्या तसाच. बायकू डाव्या अंगाला झोपती.’’ तुम्ही सळईला कापूस गुंडाळत म्हणायचात, ‘‘मग उजवा बुजवून देतू. तिला कूस बदलाया सांग.’’

काम किती हळू करायचात तुम्ही. सळईचं टोक आधी ज्योतीवर धरायचं, मग कोमट तेलाचे थेंब सोडायचे, आणि मग काहीच न करता बसून राहायचं. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं. तुम्ही म्हणायचात, ‘‘भिजू दे की. ढेकूळ बी पानी पडल्याबिगर फुटत न्हाय.’’ पोराचा कान वाहत असेल तर तुम्ही हात लावायचा नाहीत. बाया लसणाचं तेल कढवून आणायच्या आणि तुम्ही त्यांना तसंच सरकारी दवाखान्याकडं पाठवायचात, कधीकधी ओरडूनच. आणि थंडीतसुद्धा तुम्ही बिनबाह्यांची बंडी घालायचात. का, ते मला पुष्कळ उशिरा समजलं. स्टेशनकडचे कानवाले सदऱ्याच्या बाहीत खडा ठेवायचे. कानकोरण्याबरोबर तो बोटात आणायचा आणि ‘कानातून निघाला’ म्हणून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. तुमच्या अंगावर बाहीच नव्हती.

काल दवाखान्यातून निघताना तुमच्याआधी मला आठवला तो टाळकरी. तो तेलुगू विणकर, मिलमध्ये माग चालवायचा आणि शनिवारी त्यांच्या पेठेतल्या देवळात भजनाला पुढच्या ओळीत बसून टाळ धरायचा. एका सकाळी तो तुमच्याकडं आला. मृदंग ऐकू येतो, म्हणाला, टाळ ऐकू येत नाही. हातातला टाळ आपल्याच हातात मुका झालाय. ठेका चुकायला लागला म्हणून मंडळींनी त्याला मागं, भिंतीशी बसवलं होतं. तुम्ही सकाळी एक कान पाहिलात, संध्याकाळी दुसरा. दोन्ही साफ. तसं सांगितलंत तर त्याला ते पटेना. पुन्हा आला, पुन्हा तुम्ही तेच सांगितलंत.

मग एका रविवारी तो थेट आपल्या घरी आला. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, आणि तो दारातूनच मोठमोठ्यानं बोलतो आहे, कानानं मंद झालेली माणसं बोलतात तसा.

‘‘अन्ना, तुला दिसलं नाही! टेशनवाल्याला दिसलं. हे बघ!’’

‘‘हळू बोला की वो,’’ आई म्हणाली. ‘‘माजी भाकरी चिरती हितं.’’

त्यानं काड्यापेटी उघडून त्यातला खडा तुमच्या हातावर ठेवला. काळसर, एका बाजूनं टोकदार. तुम्ही तो चुलीच्या उजेडाकडं धरलात, फिरवून पाहिलात.

‘‘मोटा हाय की,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘येतंय का मग ऐकू?’’

‘‘येतंय की! काल टाळ खणखण वाजला. पुढच्या शनिवारी पुढं बसीव म्हणून सांगितलंय मंडळींना.’’

तुम्ही खडा परत दिलात. त्यानं तो जपून पेटीत ठेवला आणि खुशीत गेला. तो वळणावर दिसेनासा झाला तशी आई म्हणाली,

‘‘त्यो खडा रुळातला हाय. आंधळ्याला बी कळंल. सांगितलं का न्हाय तुमी?’’

‘‘टाळ ऐकू आलाय म्हनतोय त्यो.’’

‘‘आन् उद्या?’’

‘‘उद्या माज्याकडंच येईल की.’’

आईनं भाकरी तव्यावर टाकली, ती जरा जोरातच. ‘‘मग उद्याच कळू दे त्याला, रडत.’’

तो आला. शाळेला सुट्टी होती आणि मी तुमची भाकरी घेऊन फाटकाशी आलो होतो, म्हणून मला ते सगळं आठवतं. त्याचा चेहरा उतरला होता. शनिवारी पुढच्या ओळीत बसला होता, पण टाळ पुन्हा मुका झाला, साऱ्या भजनाचा ठेका मोडला आणि एका पोरसवदा गड्यानं त्याच्या हातातला टाळ काढून घेतला. तो पोत्यावर बसला आणि त्यानं आपणहून कान उन्हाकडं केला.

‘‘अजून एक खडा असेल, अन्ना. काढ.’’

‘‘न्हाय बाबा. साफ हाय.’’

‘‘टेशनवाला काढतो म्हणाला.’’

‘‘मग तितं जा की.’’

‘‘त्यानं काढलेला टिकत नाही.’’ तो अगदी हळू बोलला, त्याच्या मानानं. ‘‘तू काढ. तू काढलास तर खरा असेल.’’

आप्पा, तेव्हा तुमचा हात जमिनीवर गेला. कडुनिंबाखाली खड्यांना काय तोटा. मी पाहिलं, तुम्ही एक बारीकसा खडा उचललात, अंगठ्यानं चोळून त्याची माती काढलीत. ऊन त्याच्या कानातून आरपार जात होतं. त्याचे डोळे मिटलेले होते. कितीतरी वेळ तुम्ही तसेच बसलात, कान भिजायची वाट पाहावी तसे. तेल तर घातलंच नव्हतं. मग बोटं सैल केलीत आणि खडा पुन्हा मातीत पडला. तुम्ही त्याच्यासमोर येऊन उकिडवे बसलात. तुमचे ओठ त्याला दिसावेत म्हणून, हे मला आज कळतं.

‘‘तुज्या कानात माग शिरलाय,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘दिसभर खाटखाट करून आत जाऊन बसलाय त्यो. त्यो मला काडता येत न्हाय. कुनालाच येत न्हाय. हाय तेवडं जपायचं. मागावर हुबा ऱ्हाताना मेणात भिजिवलेला कापूस घालत जा कानात. मी करून देतू.’’

तो उठला. ‘‘मिलवाल्याला कापूस कानात घालायला सांगतोय!’’ भोवतीच्या लोकांकडं बघत तो ओरडला. ‘‘अरे, कापूस काढायला येतो आम्ही तुझ्याकडं! जा, मेंढरं राख जा!’’ माणसं हसली. तुम्ही सळया पटक्यात खोवल्यात आणि माझ्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलंत. त्या दिवशी कोरड्यासाचं कालवण नुसतं भाकरीवर घेऊन बसला होतात, आणि भाकरी तशीच राहिली होती.

पुढं एका शनिवारी तुम्ही मला त्या देवळात घेऊन गेलात. आपण बाहेर, चपलांच्या ढिगाशी उभे राहिलो. आत तेलुगू भजन रंगलं होतं. धुपाचा धूर, समया, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो. पुढच्या ओळीत नव्हता, मागंही नव्हता. मृदंगाला अगदी चिकटून बसला होता, मांडी घातलेला एक गुडघा मृदंगाच्या लाकडाला टेकवून. डोळे मिटलेले. हातात टाळ होता आणि तो बरोब्बर ठेक्यात पडत होता. त्याला स्वतःला तो ऐकू येत नव्हता, बाकी सगळ्या देवळाला येत होता. तुम्ही आत गेला नाहीत, त्याला खूणही केली नाहीत. आपण परत निघालो. मग एकदम म्हणालात, ‘‘गुडघ्याला कान आलाय की रं त्याच्या!’’ आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसलंत. पावसाळा संपल्यावर त्याचा धाकटा भाऊ मेणाचा कापूस मागायला आला, त्याच्यामागून आणखी दोघं. टाळकरी स्वतः कधी आला नाही.

मी वर्तमानपत्रात, छापखान्याला लागून असलेल्या खोलीत, कामाला लागलो तेव्हा तुम्ही मला तपकिरीची रिकामी डबी दिलीत. आत तसलेच मेणाचे बोळे होते. यंत्र पाहायला एकदा आला होतात आणि दारातूनच कान झाकून परत फिरला होतात, तेवढ्यात तुम्हाला कळायचं ते कळलं. मी ते वापरले. वाळले, चुरा झाला, की तुम्ही न सांगता नवे करायचात. तुम्ही गेलात, आणि डबीत जे शेवटचे बोळे होते ते संपल्यावर नवे कसे करायचे हे मला माहीत नव्हतं. मेण किती, तेल किती, कापूस कुठला, मी कधी विचारलंच नव्हतं. डबी अजून टेबलावर आहे. तिच्यात टाचण्या ठेवतो. यंत्र मात्र पुढं कितीतरी वर्षं रोज रात्री शेजारच्या खोलीत चालत राहिलं, आणि सवय झाल्यावर ते ऐकू येणं बंद झालं. मला वाटायचं, सवय म्हणजे हीच.

आता सकाळ कशी होते सांगू? चिमण्या दिसतात, त्यांची चोच उघडते मिटते, आवाज नाही. नातीचे पैंजण दिसतात. ती धावत येते ते मला फरशीवरून, तळपायांना कळतं. दूरचा भोंगा मात्र येतो, जाड, खालून, पाण्यातून आल्यासारखा. वाईट वाटत नाही दर वेळी. कधीकधी वाटतं, सगळं गाव सिद्धेश्वराच्या तळ्यात हळूच उतरलंय आणि आपण वरून बघतोय.

एक सांगायचं राहिलं. काल दवाखान्यातून मी सरळ घरी गेलो नाही. स्टेशनसमोर एक कानवाला बसतो, तरुण आहे, लांब बाह्यांचा सदरा घालतो. मी त्याच्यापुढं बसलो आणि कान उन्हाकडं केला. त्यानं पाळी ओढली, कोरणं घातलं, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, बाहीच्या दुमडीतून त्याची करंगळी कशी आत गेली. चांगला हात आहे. त्यानं माझ्या तळव्यावर खडा ठेवला. ‘‘काका, केवढा होता बघा.’’ मी म्हणालो, ‘‘मोठा हाय की.’’ घरी येताना माझ्यामागं सायकलची घंटी वाजली. वाजली असावी. मी बाजूला झालो, मागून खरंच सायकल गेली.

सोमवारी डॉक्टर कानाचं माप घेणार आहेत, ऐकायच्या यंत्रासाठी. जाणार आहे. पण तो पोरगा लगेच दुसराही कान करायला निघाला होता, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि सांगितलं, दोन्ही एकदम नको, माणूस घाबरतो. डाव्यासाठी उद्या संध्याकाळी येईन म्हणालो. आज संध्याकाळचा खडा तो कोणत्या बाहीतून काढतो, ते बघायचं आहे.